गाडीचं जावळ

मी रागीट आहे असं मार्केट यार्डात सगळे म्हणतात. मी रागीट नाही. लोक मूर्खासारखे प्रश्न विचारतात आणि मी उत्तरं देतो, एवढंच. तीस वर्षं ट्रकच्या इंजिनात हात घालून बसलेल्या माणसाला कुणी येऊन विचारलं, "मकसूदभाई, रेडिएटरमध्ये पाणीच घालायचं ना?" तर त्यानं काय म्हणावं? "नको, पाव लिटर दूध घाल, सायीसकट," असं मी म्हणतो. माणूस रुसतो, चार दिवस दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो आणि पाचव्या दिवशी गाडी घेऊन माझ्याच दारात उभा राहतो. मग मीही काही बोलत नाही. गाडी नीट करून देतो आणि वर चहा पाजतो.

आमचं सगळं खानदान बागवानांचं, संत्री-मोसंबीच्या व्यापारातलं. काळ्या हातांचा मी एकटाच निघालो. यार्डाच्या मागच्या बाजूला, गुलटेकडीच्या अंगाला माझं गॅरेज आहे. माल उतरवून गाड्या रिकाम्या झाल्या की ड्रायव्हर माझ्याकडे वळतात. कुणाचा ब्रेक असतो, कुणाचा क्लच. पण माझं नाव झालं ते इंजिन थंड ठेवण्याबद्दल. "गाडी तापतेय? मकसूदभाईकडे ने," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याची मला चटक लागली होती. ही चटकच मला नडली.

इंजिन थंड कसं राहतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. डिझेल जळलं की त्याची सगळी ताकद काही चाकांपर्यंत पोचत नाही. बरीचशी नुसती उष्णता होऊन इंजिनाच्या अंगात राहते. ती बाहेर काढली नाही तर पिस्टन फुगून जागच्या जागी अडकतो आणि मालक डोक्याला हात लावतो. म्हणून इंजिनाचं लोखंड आतून पोकळ असतं आणि त्या पोकळीतून पाणी फिरतं. पंप पाणी ढकलतो, तापलेलं पाणी वरच्या पाइपातून पुढे रेडिएटरमध्ये जातं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. समोरून वारा लागतो, मागून पंखा ओढतो, पाणी निवतं आणि खालच्या पाइपातून परत इंजिनात येतं. दिवसभर हेच चाललेलं असतं.

या वाटेवर, इंजिनातून पाणी बाहेर पडतं तिथे, मुठीत मावेल एवढी एक पितळी झडप बसवलेली असते. पुस्तकात तिला थर्मोस्टॅट म्हणतात, आम्ही नुसतं वॉल म्हणतो. इंजिन थंड असताना वॉल रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी एका बारक्या पाइपातून इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. पुरेसं तापलं की वॉलच्या पोटातलं मेण वितळून फुगतं आणि वॉल रेडिएटरची वाट उघडतो.

माझ्या उस्तादांचं म्हणणं असं की ही सगळी बर्फाच्या देशातल्या लोकांची सोय. आपल्याकडे चैत्रात डांबर वितळतं, इथे इंजिन तापवायला झडप कशाला हवी? मी शिकाऊ होतो तेव्हा, चौऱ्याहत्तर साली, एका गाडीचा वॉल क्षार साचून बंदच्या बंद अडकला होता. पाणी रेडिएटरपर्यंत गेलंच नाही, उकळून उकळून इंजिनाचा माथा तडकला. तो तडकल्याचा आवाज मी ऐकलेला आहे. उस्तादांनी त्या दिवसापासून हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा वॉल काढून टाकायला सुरुवात केली, आणि त्यांच्यामागे मी.

पुढे त्याचा रिवाजच झाला. यार्डात कुणी नवी गाडी घेतली की पहिल्या फेरीआधी ती माझ्याकडे यायची. मालक नारळ, पेढे आणि हार घेऊन यायचा. मी चार बोल्ट खोलून वॉल बाहेर काढायचो, सगळ्यांना दाखवायचो आणि डालड्याच्या डब्यात टाकायचो. पैसे घ्यायचो नाही, पेढा मात्र घ्यायचो. लोक त्याला गाडीचं जावळ म्हणायचे. "गाडी आणली? जावळ काढलं का?" असं एकमेकांना विचारायचे. बाळाचे पहिले केस उतरवावेत तसं मी गाडीचं काहीतरी उतरवतोय याचा मला अभिमान होता. डब्यावर डबे भरले होते.

आता हिंदुराव. हिंदुराव लोणी काळभोरचा, माझ्याच वयाचा, वीस वर्षांपासून सुंदराबाईंच्या गाडीवर ड्रायव्हर. बोलणं कमी, मिशा जास्त. त्याच्यासारखा गियर टाकणारा माणूस मी पाहिला नाही. इंजिनाला कळतही नाही की काही बदललं. आम्हा दोघांची दोस्ती अशी की मी तासभर बडबड करायची आणि त्यानं शेवटी "व्हय" म्हणायचं. दिवसातून एकदा तो माझ्या बाकड्यावर येऊन बसला नाही तर मला करमत नसे.

सुंदराबाईंचे यजमान सीताराम यार्डात हमाल होते, मग मुकादम झाले, मग त्यांनी बटाट्याचा गाळा आणि जुना ट्रक घेतला. गुडघे गेल्यावर ते गाळ्यावर पेपर वाचत बसू लागले आणि धंदा सुंदराबाईंनी हातात घेतला. बाई कडक. दोन हजार दोनच्या दसऱ्याला त्यांनी नवी कोरी गाडी घेतली, टर्बो इंजिनाची. तेव्हा पुण्यात सगळंच नवं येत होतं. माझी मुलगी अरिबा कंपनीच्या बसनं हिंजवडीला जाऊन दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसत होती आणि मी आयुष्यात पाहिली नव्हती अशी इंजिनं गुलटेकडीच्या दारात उभी राहत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंदुराव गाडी दाखवायला आला. नारळ नव्हता, हार नव्हता.

"जावळ काढायचं नाही का?" मी विचारलं.

"बाई नको म्हनल्यात. आमच्यात नारळ-बिरळ चालत न्हाई, आसलं कायबी करायचं न्हाई म्हनल्या."

सुंदराबाईंचं घर बौद्ध. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन सालीच नारळ फोडणं बंद केलं होतं, आणि बाईंना जावळ म्हणजे आणखी एक पूजाच वाटत होती. त्यात आत काही खोलतात हे त्यांना माहीतच नव्हतं.

"बाईंनी नारळ नको म्हटलंय," मी म्हणालो, "वॉलचं कुठे म्हटलंय?"

हिंदुराव जरा घुटमळला. "मकसूदभाई, कंपनीनं उगा बशीवला आसंल का?"

"कंपनीवाले घाटात गाडी चालवायला येतात का? तू गाडी चालव. इंजिन माझ्यावर सोड."

"व्हय," हिंदुराव म्हणाला.

मी चार बोल्ट खोलले. आतला वॉल, त्या एक-दोन वर्षांत नव्या गाड्यांतून निघत होता तसा, जरा वेगळा दिसत होता. त्याच्या बुडाला एक तबकडी जास्तीची होती. मी ती पाहिली. पाहिली नाही असं मी म्हणणार नाही. पाहिली आणि डब्यात टाकून दिली.

थंडीत सगळं ठीक चाललं. मार्च उजाडला आणि गाडी कात्रजच्या घाटात उकळली. बटाट्याची पोती भरून हिंदुराव कोल्हापूरला निघाला होता, बोगद्याच्या अलीकडे रेडिएटरच्या टोपणातून वाफेचा फवारा उडाला. मी रेडिएटर उतरवून आतून बाहेरून धुतला. एप्रिलमध्ये पुन्हा उकळली. मी पंख्याचा पट्टा बदलला, पंप खोलून पाहिला, टोपण नवं बसवलं. टोपणाचंही काम असतं, ते पाण्यावर दाब ठेवतं म्हणून पाणी शंभराला उकळत नाही. सगळं सुटं करून पाहिलं, सगळं चांगलं होतं. मे महिन्यात तिसऱ्यांदा उकळली.

यार्डात कुजबुज सुरू झाली, आणि ती माझ्याबद्दल नव्हती. मकसूदभाईचा हात फिरल्यावरही गाडी तापते म्हणजे ड्रायव्हरचं काहीतरी चुकतंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पाणी बघत नसेल. खालच्या गियरवर यायला उशीर करत असेल. वय झालं, नवं इंजिन झेपत नाही. माझ्या नावाचा दरारा एवढा की त्यापुढे हिंदुरावाची वीस वर्षं कुणाला दिसली नाहीत. खरं सांगतो, मलाही एकदा वाटून गेलं की याचंच काही चुकत असेल.

एका गुरुवारी तो बाकड्यावर येऊन बसला आणि स्वतःहून बोलला. त्याच्याकडून असं कधी होत नसे.

"सोमवारपासनं दुसरा डायवर येनार हाय."

"कुठल्या गाडीवर?"

"माज्या. बाई म्हनल्या, हिंदुराव, आता बास."

मी हातातला पाना खाली ठेवला. वीस वर्षांत या माणसानं गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. त्याच्या जागी दुसरा कुणीतरी बसणार, आणि हा लोणीला जाऊन पारावर बसणार. लोक म्हणणार, गाडी उकळवली म्हणून काढला. मला इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी त्याच्यावरच काढला.

"आणि तू व्हय म्हणालास?"

"व्हय."

"उद्या माल कुठे जायचाय?"

"साताऱ्याला."

"मी येतोय घाटापर्यंत. माझ्या डोळ्यांसमोर उकळू दे ती."

शुक्रवारी दुपारी भर उन्हात आम्ही निघालो. मुद्दाम दुपारची वेळ मी निवडली होती. मागे दहा टन बटाटा. कात्रजपर्यंत तापमानाचा काटा अगदी मध्यावर, गरीब गाईसारखा. घाट लागला. हिंदुरावानं वेळेआधीच गियर उतरवला, मी त्याच्या पायांकडे आणि हातांकडे बघत होतो आणि मला एकही चूक सापडली नाही. तिसऱ्या वळणावर काटा हलला, पाचव्या वळणावर लाल पट्टीला टेकला. त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं. उकळतं इंजिन एकदम बंद केलं तर पाणी आतल्या आत थांबून आणखी तापतं, हे त्याला शिकवावं लागत नाही.

मी इंजिनावरचं झाकण उघडून ओल्या फडक्यानं एकेक पाइप चाचपू लागलो. वरचा पाइप तापलेला, तो तसा असणारच. रेडिएटरच्या बुडाला हात लावला आणि चक्रावलो. बूड कोमट होतं. खालचा पाइप कोमट होता. इंजिन उकळतंय आणि रेडिएटर मात्र सावलीत झोपलाय! म्हणजे रेडिएटर त्याच्याकडे आलेलं पाणी चांगलं निववत होता, पण त्याच्याकडे पाणी येतच होतं थोडं. मग बाकीचं जात कुठे होतं?

हिंदुराव शेजारी उभा होता. "ह्या बारक्या पायपाला हात लावला का?" तो हळूच म्हणाला.

"त्याला काय लावायचा? मला शिकवू नकोस," मी म्हणालो आणि लावला. फडक्यातूनही बोटाला फोड आली.

सगळं पाणी तिथे होतं. इंजिनातून निघून, बारक्या पाइपातून, पुन्हा इंजिनात. तेच तेच उकळतं पाणी आत गोल गोल फिरत होतं. रेडिएटरला जायला लांबचा रस्ता, बारीक नळ्या. हा पाइप जवळचा आणि मोकळा. पाण्याला जवळची वाट दिली तर ते लांबून कशाला जाईल? पण ही वाट उघडी कशी? ती बंद कोण करणार होतं?

गाडी निवल्यावर हिंदुराव साताऱ्याकडे गेला आणि मी मिळेल त्या जीपमध्ये बसून खाली आलो. गॅरेजमध्ये जाऊन डबा पालथा केला. तो वॉल सापडला, बुडाला जास्तीची तबकडी असलेला. तो फडक्यात गुंडाळून घरी नेला.

रशीदा संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागली होती. मी तिचं चहाचं पातेलं घेतलं, पाणी घातलं, गॅसवर ठेवलं आणि वॉल दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडला. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, इथे मराठीत सांगतो.

"त्या पातेल्यात आता चहा कोण पिणार?" रशीदा म्हणाली.

"गप्प बस. बघ."

"काय बघू? लोखंडाचं सार?"

पण तीही वाकून बघू लागली. पाणी तापत गेलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरले आणि वॉल हलला. वरची तबकडी हळूहळू उचलली गेली आणि तिच्याबरोबर खालची तबकडी खाली सरकत गेली, जणू समोर नसलेलं भोक बुजवायला निघालीय.

"वरचं दार उघडतंय आणि खालचं लावून घेतंय," रशीदा म्हणाली. "शहाणं दिसतंय. हे गाडीत असतं?"

"असतं."

"मग इथे काय करतंय?"

आयुष्यात मी तिच्या पुष्कळ प्रश्नांना उलट उत्तरं दिली आहेत. या वेळी मी गॅस बंद केला आणि वॉल दोऱ्यानं वर ओढला. जुन्या गाड्यांच्या वॉलला खालची तबकडी नव्हती, बारका पाइपही काडीएवढा असायचा. वॉल काढला तरी फारसं बिघडत नसे. नव्या गाडीत पाइप मोठा होता आणि तो वेळेवर बंद करणं हे वॉलचं अर्धं काम होतं. गाडी तापू नये म्हणून मी वॉल काढला होता, आणि वॉल काढला म्हणूनच गाडी तापत होती. सपाटीवर भागून जायचं, घाटात ओझं आलं की उकळायचं. उस्तादांचं चुकलं नव्हतं. चुकलं माझं. तबकडी पाहूनही मी विचार केला नव्हता.

शनिवारी सकाळी हिंदुराव रिकामी गाडी घेऊन परत आला. मी त्याला लांबच्या हॉटेलातून चहा आणायला पिटाळलं आणि तो येईपर्यंत वॉल बसवून चार बोल्ट कसून टाकले. दुपारी सुंदराबाईंच्या गाळ्यावरूनच घाटापलीकडच्या जवळच्या गावचा माल भरून आम्ही घाटात गेलो. तेच ऊन, तेच ओझं. काटा मध्याच्या जरा वर आला आणि तिथेच थांबला. बोगदा आला, पलीकडचा उतार लागला, तरी काटा तिथेच. वारा खिडकीतून आत येत होता. मला इतकं बरं वाटलं की मी मांडीवर थाप मारली. हिंदुराव मिशीत हसला. काय केलं, म्हणून त्यानं विचारलंही नाही. ते मला खटकायला हवं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी रशीदाला माझा बेत सांगितला. सोमवारी सुंदराबाईंना म्हणायचं की पाण्यात हवा अडकली होती, ती मी काढली, गाडी ठीक आहे, हिंदुरावाला ठेवा. त्याची जागा राहिली, माझं नाव राहिलं.

"हवा कशानं अडकते?" रशीदानं भाकरी वाढता वाढता विचारलं.

"पाणी नीट भरलं नाही की."

"पाणी कोण भरतं?"

ड्रायव्हर भरतो. मी ताटाकडे बघत बसलो. रशीदा वाटीत कालवण घालून आत गेली. ती बोलली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो.

त्या रात्री मी मोजलं. सुंदराबाईंची सोडून दोन-तीन वर्षांत नव्या इंजिनाच्या एकोणीस गाड्यांची जावळं मी काढली होती. त्यातल्या काही उकळत होत्या. त्यांचे ड्रायव्हरही आपापल्या मालकांच्या शिव्या खात असतील, आणि मी त्यांना रेडिएटर धुऊन देत होतो.

रविवारी सकाळी यार्डात पाय ठेवायला जागा नसते. मी गर्दीतून वाट काढत सुंदराबाईंच्या गाळ्यावर गेलो. बाबासाहेबांच्या फोटोखाली सीताराम पेपर वाचत होते. सुंदराबाई हमालांवर ओरडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या मकसूदभाई. हिंदुरावाची रदबदली करायला आला असाल तर आलात तसे जा."

"वहिनी, मी माझीच करायला आलोय," मी म्हणालो. "तुमची गाडी मी तापवली. दसऱ्याला तिचा वॉल मी काढला. हिंदुराव नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही. काल परत बसवलाय. आता घाटात गाडी तापत नाही, मी स्वतः बसून पाहिलं. हिंदुरावाचा यात काही दोष नाही."

एका दमात बोललो. आजूबाजूचे चार-पाच जण थांबून बघायला लागले होते, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं बाई आता आकाशपाताळ एक करतील. त्या खुर्चीवर बसल्या.

"वॉल तुम्ही काढलात?"

"मी."

"मागच्या आठवड्यात मी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला दाखवली," बाई म्हणाल्या. "त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, बाई, आतला वॉलच नाहीये, कुणीतरी काढलाय, म्हणून तापते. नवा मागवलाय, उद्या येणार आहे. मी हिंदुरावाला समोर उभं केलं. म्हटलं, कुणी हात लावला? तर म्हणतो, म्याच काडला. रस्त्यात गाडी तापली तवा काडला. मला न विचारता नव्या गाडीत हात घालतो, म्हणून म्हटलं, आता बास."

त्याला माहीत होतं. आठवडाभर माहीत होतं. माझ्याबरोबर तो घाटात आला, मी पाइप चाचपत होतो तेव्हा शेजारी उभा राहिला.

"तो खोटं बोलतोय हे मी तेव्हाच म्हटलं होतं," पेपरामागून सीताराम म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," सुंदराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि अशा आणखी किती गाड्या केल्यात?"

"एकोणीस."

"मग आजच्या आज एकोणीस जणांना सांगायचं. इथे सांगितलंत तसंच, उभ्यानं. तोपर्यंत तुमच्या गॅरेजला माझी गाडी येणार नाही."

"आणि हिंदुराव?"

"त्याला म्हणावं, खोटं बोलल्याबद्दल दोन दिवस घरी बस आणि बुधवारी कोल्हापूरचा माल घेऊन जा." असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रागानं पुसलं की आणखी कशानं, ते मी बघितलं नाही.

हिंदुराव गाडीपाशी होता. केबिनमधली त्याची चादर, डबा, आरसा, सगळं त्यानं एका पिशवीत भरलं होतं आणि रिकाम्या सीटवरून तो ओलं फडकं फिरवत होता. दुसऱ्या ड्रायव्हरला सीट स्वच्छ मिळावी म्हणून. ते बघून माझा तोल गेला.

"हरामखोरा," मी ओरडलो, "तुला माहीत होतं! मला सांगायला काय झालं होतं? वीस वर्षांची जागा सोडत होतास, तोंड उघडलं असतंस तर काय झालं असतं?"

त्यानं फडकं पिळलं, झटकलं आणि दारावर वाळत घातलं. त्याला घाई कधीच नसते.

"तुमाला सांगितलं आस्तं तर तुमी भांडला आस्ता," तो म्हणाला. "आन् भांडून झाल्यावर मग बोलला नसता माज्याशी. तुमचा सोभाव मला म्हाईत हाय. गाडी काय, कुटंबी गावंल. रोजच्याला कुनाच्या बाकड्यावर जाऊन बसायचं?"

मी तिथेच पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. रविवारच्या गर्दीत, भाजीच्या पिशव्या घेऊन जाणारे लोक बघत होते, बघू दे म्हटलं. हिंदुराव माझ्याशेजारी येऊन टेकला. मी नाक पुसून त्याला बाईंचा निरोप सांगितला, दोन दिवस घरी बसायचा आणि बुधवारी कोल्हापूरचा.

"व्हय," तो म्हणाला. "आन् तुमाला काय म्हनल्या?"

"एकोणीस गाळ्यांवर जाऊन सांगायचंय."

तो उठला, पिशवी परत केबिनमध्ये ठेवली आणि दार लावून घेतलं. "मग चला की," म्हणाला, "मीबी येतो. दोन दिवस घरीच बसायचं हाय."